तेहतीस पानांचे पत्र

लांज्यात राहून इतिहास शिकवणाऱ्या माणसाला पाहुणे हटकून एक प्रश्न विचारतात, "तुमच्या तालुक्यात इतिहासाचे असे काय आहे?" मी त्यांना कोट गावाचे नाव सांगतो. झाशीच्या राणीच्या सासरचे नेवाळकर घराणे मूळचे या कोटचे. पाहुणे खूष होतात आणि मलाही बरे वाटते. पण आज मला आपल्याशी एका निराळ्याच इतिहासाविषयी बोलायचे आहे. त्यात राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. त्यात काही मुले आहेत, त्यांचे आईबाप आहेत, थोडे मास्तर आणि थोडे डॉक्टर आहेत. हा इतिहास मी मुद्दाम का सांगतो, ते आधी सांगतो.

मी लहान असताना आमच्या वाडीत माझ्याच वयाचा एक मुलगा होता. हाक मारली तर तो वळून बघत नसे. काजूच्या दिवसांत अंगणात वाळत घातलेल्या बिया तो उचली आणि त्यांची सरळ रांग लावत बसे. रांगेतली एक बी कुणी हलवली तर असा हंबरडा फोडी की शेजारची माणसे धावत येत. त्याचे बोलणे जवळजवळ नव्हतेच. पण लांज्याच्या स्टँडवर लागणाऱ्या एस्.टी.च्या गाड्यांच्या पाट्या तो एकामागून एक म्हणून दाखवी, आणि त्याचा क्रम कधी चुकत नसे. गाव म्हणे, कुणीतरी देवस्की केली. कुणी म्हणे, आईचेच पोराकडे लक्ष नाही. त्या माउलीने कौल लावले, गाऱ्हाणी घातली, अंगारे आणले. पोराला शाळेत घातले, तर आठवड्याच्या आत "हा इथे बसायचा नाही" असे सांगून घरी पाठवले. त्या शाळेला आज दोष देण्यात अर्थ नाही. त्या वेळी दुसऱ्या शाळेतही बहुधा हेच झाले असते.

एक गोष्ट मात्र माझ्या पक्की लक्षात आहे. तो ओरडायला लागला की त्याची आई त्याला पडवीच्या कोपऱ्यात नेई, त्याच्या अंगावर दोन जाड गोधड्या टाकी आणि शेजारी गप्प बसून राही. थोड्या वेळाने तो शांत होई. "त्याला भार हवा लागतो," एवढेच ती म्हणे. कुणाला तिचे ते बोलणे महत्त्वाचे वाटले नाही. मलाही वाटले नाही.

आज अशा मुलांच्या अवस्थेला आपण स्वमग्नता म्हणतो. इंग्रजीत तिला ऑटिझम म्हणतात, आणि तो शब्द 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. हे वेड नव्हे आणि संसर्गाने लागलेला रोगही नव्हे. मेंदूची घडणच मुळात थोडी वेगळी असते. त्यामुळे बोलणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, आवाज नि स्पर्श सहन करणे, ठरलेल्या गोष्टीत बदल झालेला चालवून घेणे या बाबतीत असे मूल इतरांहून निराळे वागते. कुणाला थोडी मदत लागते, कुणाला जन्मभर लागते. कुणी उत्तम शिकते, कुणी एक शब्दही बोलत नाही. ही एवढी साधी समजूत यायला जगाला सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली. ती कशी आली, तेच आता पाहू.

फ्रान्स देशात १८०० साली आव्हेरों भागातल्या रानात हिंडणारा एक दहा-बारा वर्षांचा मुलगा लोकांच्या हाती लागला. त्याला बोलता येत नव्हते, अंगावर धड कपडा नव्हता. त्याला पॅरिसला आणले. पिनेल हे त्या काळचे मोठे वैद्य. त्यांनी तपासून सांगितले की हा जन्मतःच मंद आहे, याच्यात सुधारणा व्हायची नाही. पण मुक्याबहिऱ्यांच्या शाळेतला इतार नावाचा एक तरुण डॉक्टर म्हणाला, मी प्रयत्न करून पाहतो. त्याने मुलाचे नाव ठेवले व्हिक्टर. सुमारे पाच वर्षे तो त्याला शिकवत राहिला आणि काय साधले, काय फसले ते सारे त्याने दोन अहवालांत लिहून ठेवले. व्हिक्टर काही बोलायला शिकला नाही. मात्र सुटी अक्षरे जुळवून दुधाला तो शब्द लावू लागला. हा मुलगा स्वमग्न होता असे आजचे काही अभ्यासक म्हणतात. दोनशे वर्षांनंतर त्याचा निकाल लावणे कठीण आहे, आणि आपल्याला त्याची गरजही नाही.

इतारच्या अहवालातला एक प्रसंग मात्र सांगण्याजोगा आहे. व्हिक्टरचे खाणेपिणे, न्हाणे-धुणे गेरँ बाई बघत. जेवणाच्या वेळी ताटे मांडायचे काम व्हिक्टरकडे असे. या बाईंचा नवरा वारला. त्या दिवशीही व्हिक्टरने नेहमीप्रमाणे त्याचे पान मांडले. बाईंना रडू फुटले. व्हिक्टरने त्यांच्याकडे पाहिले, ते पान उचलून ठेवले आणि पुन्हा कधी मांडले नाही. "अशा मुलांना माया कळत नाही" असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. डॉक्टर शिकवून दमला तरी रोजचे जेवणखाण सांभाळणाऱ्या बाईला मुलाचे मन कळत होते. पुढच्या सबंध इतिहासात हीच गोष्ट आपल्याला पुन्हा पुन्हा दिसेल.

इतारचा शिष्य सेगँ. त्याने मंद म्हणून टाकून दिलेल्या मुलांसाठी हात, डोळे नि कान यांच्या द्वारे शिकवण्याची पद्धत बसवली आणि पुढे ती घेऊन तो अमेरिकेत गेला. या दोघांचे ग्रंथ रोममधल्या एका तरुण बाई-डॉक्टरांनी वाचले. नुसते वाचले नाहीत, तर स्वतःच्या हाताने उतरून काढले. त्या बाई म्हणजे मारिया माँटेसोरी. त्यांनी आधी मतिमंद मानलेल्या मुलांना शिकवले आणि मग त्याच साधनांनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत साध्या मुलांचे बालगृह काढले. म्हणजे पाहा, आज ज्या पद्धतीचे नाव शहरातल्या महागड्या शाळांच्या पाट्यांवर दिसते, ती मुळात जन्मली ती शाळेने नाकारलेल्या मुलांपायी.

हा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. तेथे त्यांच्या जोडीला ताराबाई मोडक गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि काही वर्षांनी दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम सुरू केले. परदेशी लाकडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने गोळा केली आणि त्यांतूनच मोजणे, लावणे, ओळखणे शिकवले. मुले गुरे चारायला जात म्हणून शाळेत येत नसत. मग या बायांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा असे नाव दिले. मूल शाळेत बसत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा धडा त्यांनी घालून दिला. स्वमग्न मुलांसाठी त्यांनी वेगळे काम केले असे मी म्हणत नाही. पण त्या मुलांना जे हवे असते, त्याचा पाया या धड्यातच आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक लहान गाव आहे. तेथे डोनाल्ड ट्रिपलेट नावाचा मुलगा होता. तो माणसांकडे लक्ष देत नसे, थाळ्या-झाकणे गरगर फिरवत बसे, आणि ठरल्या क्रमात काही बदलले की आकांत करी. आकडे मात्र त्याला तोंडपाठ. १९३८ साली त्याला बाल्टिमोर शहरातल्या लिओ कॅनर या बालमानसतज्ज्ञांकडे नेले. जाण्याआधी वडिलांनी मुलाविषयी जे जे पाहिले होते ते सगळे लिहून काढले. ते पत्र टंकलिखित ३३ पानांचे झाले. काय खातो, कशाला भितो, कोणता शब्द कोणत्या प्रसंगी बोलतो, असा बारीकसारीक तपशील त्यात होता. कॅनर यांनी डोनाल्डसारखी आणखी दहा मुले पाहिली आणि १९४३ साली या ११ मुलांवर एक निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेचा आधुनिक अभ्यास या निबंधापासून धरतात. त्याची सुरुवात डोनाल्डपासून आहे, आणि डोनाल्डच्या हकीकतीला आधार त्या ३३ पानांचा आहे. म्हणजे या शास्त्राचा पहिला कागद डॉक्टरांनी लिहिलेला नाही. तो एका बापाने लिहिला आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, कॅनर यांच्या आधी १९२५ साली मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या बाई-डॉक्टरांनी अशाच सहा मुलांचे वर्णन लिहिले होते, पण जगाने ते फारसे वाचले नाही. १९४४ साली व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांनीही अशा मुलांवर लिहिले. त्यांचे नाव पुढे मोठे झाले. परंतु नाझी राजवटीत त्यांनी काही अपंग मुलांना अशा संस्थेकडे पाठवले की जेथे मुलांना मारून टाकले जात होते. हे जुन्या कागदपत्रांवरून २०१८ साली एका इतिहासकाराने उघडकीला आणले. विद्वत्ता असली की दया असतेच असे नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

आता डोनाल्डचे पुढे काय झाले ते ऐका. हा भाग खास आपल्या शेतकरी बांधवांसाठी आहे. आईबापांनी त्याला काही वर्षे जवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले. १९४५ साली कॅनर तेथे भेटीला गेले आणि चकित झाले. पोराला मोजमापाचे वेड होते. शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते मोजून सांगायला सांगितले. पोर मेलेले पक्षी नि किडे गोळा करी. त्याला शेताच्या कोपऱ्यात एक जागा पुरण्यासाठी नेमून दिली. तो मक्याच्या रांगा पुन्हा पुन्हा मोजी. मग शेतकरी म्हणाला, नांगर धर आणि नांगरता नांगरता मोज. त्या जोडप्याने कुठले मानसशास्त्र वाचले होते? त्यांनी मुलाचे वेड मोडले नाही, त्याला कामाला जुंपले. डोनाल्ड पुढे शिकला, बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवू लागला, देशोदेशी हिंडला. २०२३ साली ८९ वर्षांचा होऊन तो वारला. त्याच्या गावाने त्याला आपले मानले होते.

हे वाचताना मला आमच्या वाडीतला काजूच्या बियांची रांग लावणारा मुलगा आठवला. ती रांग आम्ही मोडत होतो. त्या रांगेवर अंक शिकवावेत हे कुणाला सुचले नाही.

यापुढचे प्रकरण दुःखाचे आहे. कॅनर यांनी आधी ही अवस्था जन्मजात असावी असे लिहिले होते. पण त्याच निबंधात त्यांनी या मुलांच्या आईबापांच्या थंडपणाचाही उल्लेख केला होता, आणि तेच विद्वानांनी उचलून धरले. आईने माया केली नाही म्हणून मूल आत मिटून गेले, असे मत पसरले. अशा आयांना 'बर्फाच्या पेटीसारख्या आया' असे म्हणू लागले. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली यावर एक ग्रंथच लिहिला आणि तो खूप खपला. काही मुलांना तर आईपासून दूर ठेवणे हाच उपचार ठरला. आमच्या गावातले लोक अडाणी होते, म्हणून त्यांनी आईला दोष दिला असे आपण म्हणतो. पण मोठमोठ्या विद्यापीठांत बसून विद्वानांनीही तेच केले, आणि वर त्याला शास्त्र म्हटले!

हे मत कुणी पाडले? आईबापांनीच. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी मिळेल ते संशोधन चाळले आणि १९६४ साली ग्रंथ लिहून दाखवले की, आईचा दोष असल्याचा काडीइतका पुरावा नाही. कारण शरीरात, मेंदूत शोधावे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अशा पालकांची संस्था उभी राहिली. १९६९ साली तिच्या सभेत म्हाताऱ्या कॅनर यांनी उभे राहून आईबापांना दोषमुक्त केले. इंग्लंडात लोर्ना विंग या डॉक्टर होत्या, आणि त्यांची मुलगीही स्वमग्न होती. १९६२ साली ज्या पालकांनी तिथली संस्था काढली त्यांत त्या होत्या. १९७९ साली त्यांनी जुडिथ गूल्ड यांच्यासह लंडनच्या एका भागातल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली आणि सांगितले की ही अवस्था एकाच साच्याची नाही. तिच्या सौम्य-तीव्र अशा अनेक छटा आहेत. मधल्या काळात, १९७७ साली, फोलस्टाइन आणि रटर यांनी २१ जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. दिसायला हुबेहूब असणाऱ्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. साध्या जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही नव्हती. म्हणजे रक्ताच्या वारशाचा यात मोठा वाटा आहे, आणि आईच्या मायेचा प्रश्नच येत नाही.

दोष शोधण्याची खोड मात्र सहजासहजी जात नाही. १९९८ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने अवघ्या १२ मुलांवरून गोवराच्या लसीकडे बोट दाखवले. पुढे अनेक देशांत लक्षावधी मुलांची पाहणी झाली आणि लशीचा संबंध कुठेच आढळला नाही. तो लेख २०१० साली नियतकालिकाने मागे घेतला. खेड्यात अजून कुणी लशीबद्दल असे बोलत असेल तर शिक्षकांनी ही हकीकत त्याला जरूर सांगावी.

आईबाप आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आले आणि मग शिकवण्याच्या पद्धतीने खरी गती घेतली. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात एरिक शॉपलर हे बेटेलहाइम यांच्याच हाताखाली शिकलेले गृहस्थ. त्यांना गुरूचे मत पटले नाही. त्यांनी पालकांना शिक्षकाच्या बरोबरीने कामात घेतले, आणि १९७२ साली त्यांचे काम सबंध राज्याचे झाले. त्यांची मुख्य गोष्ट अगदी साधी आहे. या मुलांना कानाने ऐकलेल्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले बहुधा लवकर उमगते. म्हणून दिवसभरात काय करायचे ते चित्रांनी क्रमवार लावून ठेवायचे, प्रत्येक कामाची जागा ठरवून द्यायची, आणि काम संपले हे मुलाला दिसले पाहिजे अशी सोय करायची. पुढे १९८५ च्या सुमारास चित्र हातात देऊन मागणे मागायला शिकवण्याची पद्धत निघाली. चित्रे वापरली तर मूल बोलायचे राहील, ही भीती अनुभवाने खोटी ठरली.

कठोर मार्गही वापरून झाले. कॅलिफोर्नियात लोवास यांनी बक्षिसे देऊन मुलाची एकेक सवय घडवण्याची पद्धत चालवली, आणि १९८७ साली मोठ्या यशाचा दावा केला. त्यांच्या सुरुवातीच्या कामात चापट्या आणि विजेचे धक्केसुद्धा होते. त्यावर पुढे कडक टीका झाली, आणि टीका करणाऱ्यांत लहानपणी हे सोसलेली माणसेही होती. कारण तोवर ही मुले मोठी होऊन स्वतः बोलू लागली होती. १९८६ साली टेंपल ग्रँडिन या स्वमग्न बाईंनी आपली कहाणी प्रसिद्ध केली. त्या पुढे गुरांच्या शास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. तरुणपणी त्यांनी स्वतःसाठी एक लाकडी यंत्र बनवले होते. त्यात शिरले की दोन्ही बाजूंनी अंगावर दाब येई, आणि त्यांचे बिथरलेले मन शांत होई. कल्पना त्यांना आली ती गुरांना लस टोचताना धरून ठेवण्याच्या खोड्यावरून.

वाचकहो, हे प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. आमच्या वाडीतली ती बाई चौथीपर्यंतही शिकलेली नव्हती. दोन जाड गोधड्या घेऊन ती त्याच ठिकाणी पोचली होती. अंगावरचा भार प्रत्येक मुलाला मानवेल असे नाही; एकाला बरे वाटते ते दुसऱ्याला नकोसे होते. पण आपल्या मुलाला काय मानवते, याचा शोध तिने लावला होता. फरक इतकाच, की तिचे ३३ पानांचे पत्र कुणी लिहून घेतले नाही.

आपल्या देशातही वाट अशीच आईबापांच्या पायांनी पडली. मुंबईत १९४४ साली जय वकील बाईंनी आपल्या मुलीच्या निमित्ताने मतिमंद मुलांची शाळा सुरू केली. पुण्यात १९६४ साली कामायनी निघाली. दिल्लीला १९९१ साली मेरी बरुआ या स्वमग्न मुलाच्या आईने 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली आणि शिक्षक तयार करण्याचे काम हाती घेतले. मुंबईत २००१ साली डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी 'उम्मीद' हे बालविकास केंद्र काढले. आपल्या रत्नागिरीत आविष्कार संस्था अशा मुलांची शाळा चालवते. कायद्याला मात्र जाग उशिरा आली. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या कायद्याने ठरवलेल्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या खास शाळेत मोफत शिकण्याचा हक्क हा कायदा देतो. "हा इथे बसायचा नाही" हे वाक्य आज कायद्याने बोलता येत नाही.

लहान वयातल्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो २०१३ साली पालघरहून सुरू झाला. कोसबाडची टेकडी तेथून फार दूर नाही. या कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे अशी योजना आहे. पण डॉक्टर थांबतो तो घटकाभर. रोज मुलाला पाहते ती अंगणवाडीची ताई, त्याचे गुरुजी आणि त्याची आई. वर्षाचे मूल हाकेला वळून बघत नाही, दीड वर्षाचे झाले तरी बोटाने वस्तू दाखवत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा येत असलेले शब्द विसरले, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून गप्प बसू नये; तपासून घ्यावे. अशा मुलांची संख्या किती असेल? जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालाचा अंदाज जगात १२७ माणसांमागे एक असा आहे. लांजा तालुक्याची वस्ती लाखाच्या आसपास. हिशेब आपणच करा. आठशेच्या घरात आकडा येतो. ही काही प्रत्यक्ष मोजणी नव्हे. पण अशी माणसे आपल्याकडे नाहीतच, असे म्हणायला जागा उरत नाही.

आता शिक्षक बंधुभगिनींना थोडे. सुतळीवर पाच-सहा चित्रे ओळीने टांगा: प्रार्थना, गणित, डबा, खेळ, घरी जाणे. एकेक काम झाले की त्या मुलालाच ते चित्र काढून ठेवू द्या. त्याच्याशी थोडक्या शब्दांत बोला आणि उत्तरासाठी थांबा. "माझ्या डोळ्यांत बघ" म्हणून जबरदस्ती करू नका. न बघताही ते ऐकत असते. आपल्या पावसात पत्र्यावर जो आवाज होतो, तो आपल्यालाही नकोसा होतो. त्याला तर तो असह्य होऊ शकतो. त्याची जागा अशा वेळी कुठे असावी ते बघा. गणपतीची सुटी, सहल, बदली शिक्षक, असा कुठलाही बदल आदल्या दिवशी चित्राने सांगून ठेवा. आणि त्याला जे वेड असेल त्यावरच धडा बांधा. काजूच्या बिया असोत, गाड्यांच्या पाट्या असोत, मक्याच्या रांगा असोत.

याहून महत्त्वाची गोष्ट, एक वही घाला. साधी शंभर पानी पुरे. आज कशाने बिथरले, त्याआधी काय झाले होते, कशाने शांत झाले, कोणता नवा शब्द आला, हे दोन ओळींत लिहा. आईला लिहिता येत नसेल तर ती सांगेल ते तुम्ही लिहून घ्या. तज्ज्ञांकडे जाल तेव्हा ती वही बरोबर न्या. इतारचे अहवाल, कॅनरचा निबंध, लोर्ना विंग यांची पाहणी हे सारे अशाच कुणीतरी नीट पाहून लिहिलेल्या टिपणांवर उभे आहे.

आमच्या वाडीतला तो मुलगा आता माझ्यासारखाच चाळिशी ओलांडलेला आहे. आई गेली, तो भावाकडे असतो. गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. तो पडवीत बसून काजूबिया निवडत होता, लहान-मोठ्या वेगवेगळ्या. मला पाहून त्याने एस्.टी.च्या पाट्या म्हणायला सुरुवात केली. त्यांतल्या कित्येक गाड्या आता बंद झाल्या आहेत, पण क्रम तोच होता. मी भावाला विचारले, "रात्री झोप लागते का रे त्याला?"

"गोधडी असली तर लागते. दोन लागतात. उन्हाळ्यातसुद्धा."

"हे कुणी सांगितले तुला?"

"आई जाताना सांगून गेली."

मी खिशातली वही काढली आणि तारीख घालून ते लिहून घेतले. पस्तीस वर्षे उशीर झाला, हे मला ठाऊक आहे. आपल्या वर्गातल्या मुलाच्या बाबतीत तो होऊ देऊ नका, एवढीच विनंती.